चित्रकलेच्या तासाला मोबाइल

शासकीय रेखाकला परीक्षेचा अर्ज आता ऑनलाइन भरला जातो. शाळेची नोंदणी, मुलांची नावं, सगळं संगणकावर चढवायचं. परीक्षेच्या दिवशी मात्र तेच मूल पॅड, कंपासपेटी, ब्रश आणि पाण्याचा डबा घेऊन बाकावर बसतं आणि वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन हे सगळं हातानं काढतं. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांनी महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांच्या हाताला वळण लावलं. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात. अ श्रेणीला ७, ब श्रेणीला ५, क श्रेणीला ३. त्यामुळे एरवी चित्रकलेच्या वहीकडे ढुंकूनही न पाहणारे पालक मूल सातवी-आठवीत गेलं की एकदम जागे होतात.

सावेडीत ही जाग चांगलीच जाणवते. नगर-मनमाड रस्त्यालगतचं हे उपनगर म्हणजे अहिल्यानगरच्या नोकरदार, शिकल्यासवरल्या वर्गाची वस्ती. प्रोफेसर कॉलनी हे नावच पुरेसं बोलकं आहे. पाइपलाइन रोड, गुलमोहर रोड, भिस्तबाग या पट्ट्यात शाळा आणि शिकवण्यांच्या पाट्या पावलोपावली दिसतात. गणित-विज्ञानाच्या जोडीनं चित्रकलेचे क्लासही चालतात आणि प्रत्येक वर्गाचा, प्रत्येक क्लासचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो. चित्रकलेचा तास मोबाइलशी असा कधीच जोडला गेला आहे. त्यातून मुलांच्या चित्राचं काय झालं, एवढंच इथे पाहायचं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. चित्रकलेच्या वर्गात डिजिटल साधनाचं खरं काम पाहण्याचं आहे: लांबचं जवळ आणायचं, बारीक असेल ते मोठं करायचं, शिक्षकाचा हात शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचा. काढण्याचं काम त्याच्यावर सोपवलं की घोळ सुरू होतो. आणि पडद्याशेजारी चित्रकलेचा माणूस उभा नसेल, तर पाहण्याचंही काम धड होत नाही.

हे नवं नाही. मुंबईत १८५७ मध्ये जे. जे. कलाशाळा सुरू झाली, आणि पुढे शाळांमधून जे ड्रॉइंग पसरलं ते लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या पद्धतीचं. समोर छापील नमुना ठेवायचा आणि तो रेघ न् रेघ उतरवायचा. पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा छापखाना निघाला, १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांनी जर्मन यंत्रं आणून मुंबईत शिळाप्रेस उभारला, आणि देवदेवतांची रंगीत चित्रं घरोघरी भिंतीवर लागली. त्या काळचं नवं साधन म्हणजे छापखाना. त्यानं चित्र सामान्य माणसापर्यंत आणलं, हे त्याचे मोठेच उपकार. पण त्याचबरोबर चित्र शिकणं म्हणजे चित्रावरून चित्र काढणं, ही समजूतही त्यानं घट्ट केली. नमुना चांगला असेल तर नक्कल चांगली, इतकाच हिशेब.

यूट्यूबनं या जुन्या सवयीला फक्त वेग दिला. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नागमोडी नदी, काठावर झोपडी आणि नारळाचं झाड हे निसर्गचित्र इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून मराठी शाळांत नांदत होतं. आता त्याच्या जागी ऑइल पेस्टलची चांदणी रात्र आली आहे: बोटानं नाहीतर कापसानं घासून मऊ केलेलं निळं-जांभळं आकाश, मधोमध चिकटपट्टीच्या गोलानं राखलेला पांढरा चंद्र, खाली काळ्या रंगातली झाडाची फांदी आणि तिच्यावर दोन पक्षी. दिसायला छान, जमायला सोपं. नगरच्या भोवती बोडक्या टेकड्या, डोंगरगण, चांदबिबीचा महाल, उन्हाळ्यातलं पिवळं पडलेलं गवत, एवढं सगळं असताना मुलांच्या वहीत मात्र नारळ आणि चंद्र. सावेडीतल्या मुलानं नारळाची बाग पाहिलेली नसते. ते नारळाचं चित्र पाहून नारळ काढतं.

सरकारी शाळांत पडदा आला तो गेल्या दशकात. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेचं उदाहरण राज्यभर गाजलं. तिथे संदीप गुंड या शिक्षकानं आदिवासी पाड्यावर प्रोजेक्टर आणि टॅबवर शिकवायला सुरुवात केली होती. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयानं ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम आला आणि गावोगाव लोकवर्गणीतून शाळा डिजिटल करण्याची चढाओढ लागली. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. पुढे ती कल्पना बालभारतीनं उचलली, आणि २०२० मध्ये डिसले यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटली. ही सगळी कामं मोठी आणि अस्सल, यात शंका नाही. पण त्या क्यूआर कोडच्या मागे काय होतं ते पाहावं. भाषा, गणित, परिसर अभ्यास. कलेसाठी प्राथमिक वर्गांना बालभारतीचं ‘खेळू, करू, शिकू’ हे पुस्तक आहे. त्यात कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण एकत्र नांदतात, आणि वेळापत्रकात आधी बळी जातो तोही याच तासाचा.

करोनाकाळात हा क्रम आणखी उघडा पडला. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ म्हणत रोजचा अभ्यास व्हॉट्सॲपवर पाठवला. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ ही मालिका जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली, त्यामुळे मोबाइल नसलेल्या घरातही काहीतरी पोचलं. ‘स्वाध्याय’ नावानं व्हॉट्सॲपवरच प्रश्न आणि उत्तरं सुरू झाली. रेखाकला परीक्षा मात्र त्या वर्षी होऊ शकली नाही. चित्रकलेच्या वाट्याला आल्या त्या पोस्टर स्पर्धा: मास्क घातलेली पृथ्वी, हात धुणारी मुलं, काटेरी हिरवा विषाणू. फोटो काढा आणि ग्रुपवर टाका. शिक्षकाच्या फोनमध्ये साठ पृथ्व्या जमल्या. त्यांचं पुढे काय करायचं हे कोणी सांगितलेलं नव्हतं.

इथे एक जुनाट वाटणारा नियम लक्षात ठेवायला हवा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी म्हटलं आहे, की मुलांची संख्या १०० च्या वर असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक हवेत. म्हणजे शंभराच्या आतल्या शाळेला कलेचा वेगळा माणूस कायद्यानंच मिळत नाही, आणि शंभरावरच्या शाळेला मिळतो तो अंशकालीन. अनुदानित शाळांतही कलाशिक्षक निवृत्त झाला की जागा भरली जात नाही, ही कलाशिक्षकांच्या संघटनांची जुनी तक्रार आहे. ज्या काळात भिंतीवर पडदे चढले त्याच काळात फळ्यासमोरची ही माणसं कमी होत गेली. त्यामुळे एकच व्हिडिओ दोन ठिकाणी दोन वेगळी कामं करतो. सावेडीतल्या जुन्या संस्थेच्या हायस्कुलात, जिथे अजून ड्रॉइंगचे सर आहेत, तिथे तो त्यांच्या हाताखालचं साधन होतो. तिथून थोड्याच अंतरावरच्या दोनशिक्षकी वस्तीशाळेत तोच व्हिडिओ कलाशिक्षक होऊन बसतो, आणि मुलाची रेघ चुकली तर तो थांबत नाही.

मग उपयोगी काय ठरतं? माझ्या मते सगळ्यात उपयोगी साधन सगळ्यात स्वस्त आहे: मोबाइल उलटा धरून ठेवणारं, वाकवता येणारं स्टँड आणि मोबाइलचं चित्र भिंतीवर पाडायची सोय. साठ मुलांच्या वर्गात शिक्षकानं टेबलावर जलरंगाचा वॉश दिला तर तो पहिल्या दोन बाकांनाच दिसतो. बाकीची मुलं ऐकतात. जलरंग ऐकून येत नाही. ब्रशमध्ये पाणी किती घेतलं, कागद कितपत ओला होता, रंगाची कड वाळायच्या आत दुसरा हात कसा फिरला, हे पाहावंच लागतं. वरून लावलेला कॅमेरा हे सगळं भिंतीवर आणतो. त्यात सर चुकतात, रंग ओघळतो, ते टिपून घेतात, आणि मुलांना ते दिसतं. मिलिंद मुळीकांसारख्या जलरंगकाराची पुस्तकं ज्योत्स्ना प्रकाशननं मराठी घरांत नेली, आता त्यांची प्रात्यक्षिकंही पडद्यावर पाहायला मिळतात. शिकणाऱ्याला ही चैनच आहे. तरी आपल्याच शाळेतल्या सरांचा हात मोठा दिसणं यात वेगळा फायदा आहे. त्यांना मधेच थांबवून विचारता येतं.

दुसरा मोठा उपयोग बारकाईनं पाहण्याचा, आणि याबाबतीत नगरची मुलं भाग्यवान आहेत. दख्खनी लघुचित्रांचा सुरुवातीचा ठेवा नगरच्या निजामशाहीतला. हुसेन निजामशहाच्या स्तुतीसाठी आफताबी या कवीनं रचलेली ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ ही सचित्र पोथी आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. शहाशेजारी बसलेली राणी खुंजा हुमायून, म्हणजे चांदबिबीची आई, या पोथीतल्या काही चित्रांत होती. ती सत्तेवरून गेल्यावर तिची आकृती पुसली गेली, कुठे तिच्यावर रंग चढवला गेला. अशी चित्रं पडद्यावर मोठी करून पाहिली तर तो पुसटलेला भाग दिसतो. सातवीच्या वर्गात हे एकदा दाखवून पाहावं. इतिहासाचा तास आणि चित्रकलेचा तास कुठे संपतो, कुठे सुरू होतो, हे विचारायलाही कोणी उरणार नाही. रंग, झाडांची मांडणी, आकृत्यांच्या वेशभूषा यांवर मुलं आपसूक बोलू लागतात.

किल्ल्याजवळची दमडी मशीद तर हाताच्या अंतरावर आहे. सोळाव्या शतकातल्या या लहानशा वास्तूवरचं दगडी कोरीवकाम म्हणजे संकल्पचित्राच्या पेपरची उघडी वहीच. फुलाचा एकच आकार फिरवून, उलटवून, जोडून पट्टी कशी तयार होते ते तिथे दगडात दिसतं. मुलांनी मोबाइलवर फोटो काढावेत, वर्गात येऊन त्यातला एक घटक ट्रेसिंग पेपरवर उतरवावा आणि मग आपली नक्षी बांधावी. बाजारातल्या ‘डिझाइन’च्या पुस्तकातली ठरीव पानंफुलं उतरवण्यापेक्षा हे शंभरपट बरं. सावेडीतच उभा असलेला भिस्तबाग महाल यथादर्शनाच्या सरावाला उत्तम. त्याच्यासमोर बसून काढलेलं चित्र आणि त्याचाच फोटो शेजारी ठेवला की डोळ्यानं काय धरलं आणि लेन्सनं काय ताणलं, हा फरक मुलाला न सांगता कळतो.

लांबचंही जवळ आलं आहे. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय या दोन्हींचे संग्रह गूगलच्या कलादालनात पाहायला मिळतात. केंद्र सरकारच्या संग्रहालयांचे संग्रह ज्या ‘जतन’ प्रणालीवर नोंदले गेले ती पुण्याच्या सी-डॅकनं केली. बालभारतीनं १९७१ मध्ये सुरू केलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक आता फुकट वाचता येतात, आणि त्यातली रेखाटनं म्हणजे मराठी बोधचित्रकलेचा एक आख्खा अभ्यासक्रम आहे. अरविंद गुप्तांचं संकेतस्थळही इथे धरायला हवं. टाकाऊ वस्तूंतून खेळणी करायचे छोटे व्हिडिओ आणि मराठीसह अनेक भाषांतली पुस्तकं त्यांनी मोफत ठेवली. त्यांचा व्हिडिओ संपला की मूल कात्री शोधायला उठतं. माझ्या मते चित्रकलेच्या कुठल्याही डिजिटल साहित्याला लावायची कसोटी हीच.

पडद्यावर चित्र काढण्याच्या ॲप्सबद्दल मी इतका उत्साही नाही. क्रिता, टक्स पेंट, स्केचबुक ही साधनं फुकट मिळतात आणि चांगली आहेत. लेयर कळले की मोठ्या मुलांना रचना कशी बांधली जाते ते समजतं. उपयोजित कलेकडे जाणाऱ्यानं हे शिकलंच पाहिजे. पण पाचवीच्या मुलाला मोबाइलच्या काचेवर बोटानं काढायला लावण्यात काय हशील? तिथे दाब नाही, खरखर नाही, कागदाचा विरोध नाही. दाब ओळखणारी पेन टॅबलेट काही हजारांत मिळते, पण ती एक मुलगा वापरणार. शिवाय पडद्यावर रंगांचा हिशेबच उलटा. तिथे प्रकाश मिसळतो, लाल आणि हिरवा मिळून पिवळा होतो. कॅमलच्या डबीतले तेच दोन रंग मिसळले तर मातकट तपकिरी मिळतो. हे मुलांना आधी सांगितलं नाही तर ती आपल्याच रंगांना दोष देतात.

अक्षरलेखनाचं मात्र वेगळं. देवनागरीच्या बाबतीत संगणकानं खरोखर काहीतरी दिलं. र. कृ. जोशींसारखा सुलेखनकार संगणकाकडे वळला आणि विंडोजमधला मंगल हा टंक त्यांच्या हातून आला. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता, बलू हे टंक कोणालाही मोफत वापरता येतात. मराठी नाटकांची आणि मासिकांची शीर्षकं रेखाटणारे कमल शेडगे, २०२५ मध्ये पद्मश्री मिळालेले अच्युत पालव, यांची अक्षरं आणि हे टंक एकाच पडद्यावर शेजारी लावावेत. ‘अ’ची गाठ कुठे जाड होते, शिरोरेषा कुठे तुटते, ‘ळ’ची दोन पोटं सारखी का नसतात, हे पाहून मग मुलानं बोरू किंवा कट निब घ्यावी. अक्षरलेखनाच्या पेपरात पट्टीनं ठोकळे आखण्यापलीकडे मुलं जात नाहीत, त्याचं एक कारण त्यांनी चांगलं अक्षर मोठं करून कधी पाहिलेलंच नसतं.

आता पालक-शिक्षक संवादाचं. सावेडीतल्या कुठल्याही पालकाला विचारा, शाळेशी बोलणं म्हणजे ग्रुप. गूगल क्लासरूम २०१४ पासून आहे, इतरही सोयी आहेत, पण व्यवहार चालतो तो व्हॉट्सॲपवरच, कारण ते आजीच्याही फोनमध्ये असतं. चित्रकलेच्या शिक्षकाला यातून खरा फायदा झाला आहे. ‘उद्या पोस्टर कलर आणि ८ नंबरचा गोल ब्रश आणावा’ हा निरोप वहीत हरवत नाही, आणि ज्या पालकानं मुलाचं चित्र कधी पाहिलं नसतं त्याच्या हातात ते फोटो होऊन जातं. अडचण सुरू होते ती प्रतिसादात. चित्र टाकलं की खाली अंगठे, टाळ्या, फुलं, ‘खूप छान’. साठातल्या पाचांनाच ते मिळतं, आणि उरलेल्या पंचावन्नांचे पालक गप्प मोजत बसतात. आईनं निम्मं चित्र काढून दिलं आहे हे सगळ्यांना दिसतं, बोलत कोणी नाही. काही शिक्षकांनी यावर साधा उपाय काढला आहे: चित्र ग्रुपवर नको, सरांच्या नंबरवर पाठवा, सर तिथेच अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप देतात. ‘मडक्याचा डावा काठ बघ, सावली उजवीकडे पडली आहे ना, मग प्रकाश कुठून आला?’ असलं बोलणं लिहून जमत नाही आणि चारचौघांत नको असतं. यात सरांची संध्याकाळ जाते, हेही खरं. त्या वेळेचा मोबदला कोणी देत नाही.

एक तांत्रिक बाब. व्हॉट्सॲप फोटो दाबून पाठवतं, पेन्सिलच्या फिकट छटा त्यात आधी जातात. मूल्यमापन करायचं असेल तर फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवावा, खिडकीजवळच्या उजेडात, बल्बखाली नको. कामाची नोंद नीट ठेवणं ही काही नुसती हौस नव्हे. नगरचे चित्रकार-शिल्पकार प्रमोद कांबळे यांच्या स्टुडिओला २०१८ मध्ये आग लागली आणि वर्षानुवर्षांचं काम जळालं. एवढ्या मोठ्या कलावंतावर जी वेळ आली ती शाळेतल्या कपाटावर वाळवीच्या रूपानं दरवर्षी येते. मुलाच्या पाचवी ते दहावीच्या चित्रांचे फोटो तारीख घालून एका फोल्डरमध्ये राहिले, तर कुठल्याही प्रगतिपुस्तकापेक्षा ते जास्त बोलतील.

पण चित्राबरोबर मुलाचा चेहरा, नाव, इयत्ता, शाळा हे सगळं जाहिरातीच्या पोस्टवर टाकायची जी पद्धत क्लासवाल्यांनी आणि शाळांनीही पाडली आहे, तिला आता कायद्याची आडकाठी आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची खात्रीलायक संमती मागितली आहे. मुलांच्या बाबतीतला नियम मोडला तर दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी रुपये. एवढा दंड सावेडीतल्या चित्रकला क्लासला होईल असं मी म्हणत नाही, पण प्रवेशाच्या फॉर्मवर एक ओळ वाढवायला काय हरकत आहे? तीही कुठे दिसत नाही.

सगळ्यात नवं प्रकरण यंत्रानं काढलेल्या चित्रांचं. मार्च २०२५ मध्ये जपानी घिब्ली शैलीतल्या कौटुंबिक फोटोंची लाट आली तेव्हा पालकांच्या ग्रुपवर आठवडाभर तेच होतं. त्यानंतर ऑनलाइन चित्रकला स्पर्धा ही गोष्ट जवळजवळ निरर्थक झाली. फोटोवरून चित्र कोणी काढलं हे सांगता येत नाही. स्पर्धा घ्यायचीच असेल तर मुलांना एका जागी बसवून, कागदावर शिक्का मारून, समोर काढून घ्यावी. रेखाकला परीक्षा हेच इतकी वर्षं करत आली आहे, आणि तिला जुनाट म्हणणाऱ्यांत कधीकाळी मीही आवाज मिळवत असे.

राहता राहिला पैसा. असर २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी सुमारे ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांच्यापैकी ५७ टक्क्यांनी मागच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. म्हणजे फोन पोचला आहे, त्याच्यासाठी आणखी खर्च करायची गरज नाही. आमदार निधी, ग्रामपंचायतीचा निधी, माजी विद्यार्थ्यांची वर्गणी यांतून शाळेत इंटरॅक्टिव्ह पॅनेल येतं, त्याला फीत कापता येते, त्यावर देणाऱ्याचं नाव घालता येतं. एका पॅनेलच्या किमतीत फोनची स्टँड, वर्षभराचे कार्ट्रिज कागद, रंग आणि आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या कलाशिक्षकाचं काही महिन्यांचं मानधन सहज बसतं. ज्या शाळेत मुलं शंभराच्या आत आहेत म्हणून कायदा निदेशक देत नाही, तिथे गावानंच तो नेमायला कुणी अडवत नाही. नगरमध्ये प्रगत कला महाविद्यालय आहे, तिथून दरवर्षी शिकून बाहेर पडणारी मुलं कामाच्या शोधात असतात. त्यातली एक जण दर बुधवारी आणि शनिवारी वस्तीशाळेत गेली, स्वतःचाच फोन स्टँडला लावून मुलांसमोर मडकं काढू लागली, तर पुढच्या रेखाकला परीक्षेच्या ऑनलाइन अर्जात त्या शाळेची चार नावं वाढतील.